मुळीची उलटतपासणी

गावात कुणी चालताबोलता गेलं, की दुसऱ्या दिवशी पानटपरीवर एकच शब्द ऐकू येतो: हार्टफेल. तेंदूच्या फळीवर कोसळला, हार्टफेल. बाजारातून आला, खाटेवर टेकला आणि संपला, हार्टफेल. तुम्हीही हा शब्द असाच वापरत असाल. परीक्षेत फेल म्हणजे विषय संपला, तसं हृदय फेल म्हणजे माणूस संपला.

पण डॉक्टर हा शब्द वापरतात तेव्हा त्यांना वेगळंच म्हणायचं असतं. हार्ट फेल्युअरमध्ये हृदय बंद पडत नाही, ते चालूच असतं. फक्त शरीराला लागतं तेवढं रक्त पुढे ढकलणं त्याला जमेनासं होतं. असा माणूस तुमच्या घरातही असू शकतो. शेतातून घरी येताना पूर्वी एकदाही न थांबणारे आणि आता तीनदा बांधावर टेकणारे काका. सपाट झोपलं की दम लागतो म्हणून दोन उशा घेणारी आजी. संध्याकाळी पाय इतके सुजतात, की चपलेच्या पट्ट्याचा वळ उठतो. घरातले म्हणतात, वय झालं. पण ते वय असेलच असं नाही. पंप थकत चाललेला असू शकतो.

हा पंप बऱ्याचदा ज्या कारणानं थकतो, त्यावर औषध शोधण्याच्या कामात एका मुंबईकर डॉक्टरचा मोठा वाटा आहे. आणि त्यांनी ज्याच्या जोरावर हे केलं ती वस्तू कुठल्या प्रयोगशाळेत जन्मली नव्हती. ती आपल्यासारख्या जंगलात, झाडांच्या सावलीत, ओलसर मातीत उगवते. सर्पगंधा. कंबरेएवढंही न वाढणारं झुडूप, पांढरी-गुलाबी फुलं आणि खाली वाकडीतिकडी मुळी. डॉक्टरांचं नाव रुस्तम जाल वकील.

परळचे वॉर्ड

रुस्तम वकील यांचा जन्म 17 जुलै 1911 चा. मुंबईचं पारशी घर. डॉक्टरकी शिकायला ते लंडनला गेले आणि तिथल्या सेंट थॉमस हॉस्पिटलमधून शिकून बाहेर पडले. हुशारी अशी, की पदकं आणि बक्षिसं रांगेनं मिळाली. तिथेच राहिले असते तर प्रॅक्टिस जोरात चालली असती. पण ते मुंबईत परतले आणि परळच्या केईएम रुग्णालयात काम करू लागले.

केईएम म्हणजे तेव्हाचं गिरणगाव. 1926 साली सुरू झालेलं हे रुग्णालय कामगारांचं, गोरगरिबांचं. तिथे तरुण डॉक्टर वकिलांचं लक्ष हृदयाच्या रोगांकडे वळलं. त्या काळी आपल्याकडे हृदयरोगतज्ज्ञ ही जातच नव्हती म्हटलं तरी चालेल. हृदयाचा आवाज नळीनं ऐकायचा, नाडी बघायची, ईसीजीची पट्टी काढायची आणि रक्तदाब मोजायचा, एवढीच साधनं.

त्यातलं रक्तदाब मोजायचं यंत्र होऊन तोवर बरीच वर्षं लोटली होती. दंडाला पट्टा बांधायचा, हवा भरायची, सोडायची, पारा बघायचा. म्हणजे दाब किती चढलाय हे डॉक्टरला कळत होतं. पण तो उतरवायचा कसा, हे कळत नव्हतं. 1930-40 च्या दशकांची ही खरी गोष्ट लक्षात ठेवा. मोजता येत होतं, उतरवता येत नव्हतं.

हापशी आणि तलाव

चढलेला दाब हृदयाचं काय करतो, ते आधी समजून घेऊ. त्याशिवाय वकिलांनी काय केलं ते कळणार नाही.

तुमची मूठ जेवढी, साधारण तेवढं तुमचं हृदय. दिवसाला सुमारे एक लाख ठोके. स्वस्थ बसलेले असलात तरी मिनिटाला पाचेक लिटर रक्त फिरवतं, म्हणजे दिवसाला सात हजार लिटरच्या वर. यातलं सगळ्यात कष्टाचं काम डाव्या खालच्या कप्प्याचं. डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत रक्त पोचवायचं ते त्यानं.

आता गावातली हापशी आठवा. पाणी मोकळं पडत असेल तर दोन बोटांनीही दांडा हलतो. पण तोटी अर्धी बुजली तर? तेवढंच पाणी काढायला दुप्पट जोर लागेल. रक्तदाब वाढतो म्हणजे रक्तवाहिन्या आवळलेल्या, ताठ झालेल्या असतात. त्यांच्यात रक्त ढकलायला हृदयाला प्रत्येक ठोक्याला जादा जोर लावावा लागतो. एक दिवस नाही, वर्षानुवर्षं.

रोज जड दांडा मारणाऱ्याचे दंड भरतात, तशी डाव्या कप्प्याची भिंत जाड होते. ऐकायला बरं वाटतं, पण इथेच गडबड सुरू होते. जाड भिंत ताठ असते. दोन ठोक्यांच्या मध्ये ती नीट सैल पडत नाही, त्यामुळे आत पुरतं रक्तच भरत नाही. भरलंच नाही तर ढकलणार काय? हृदय जोरात आकुंचन पावतंय आणि तरी माणसाला दम लागतोय, असं इथे होऊ शकतं.

ओझं तसंच राहिलं तर पुढे स्नायू हरतो. कप्पा ताणला जातो, फुगतो, ढिला पडतो. निरोगी कप्पा आतल्या रक्तापैकी निम्म्याहून जास्त रक्त एका ठोक्यात बाहेर टाकतो. थकलेल्या हृदयात हे प्रमाण 40 टक्क्यांच्याही खाली येतं. घरातल्या कुणाचा इकोचा रिपोर्ट असेल तर त्यावर ईएफ अशी दोन अक्षरं शोधा. तोच हा आकडा.

यापुढचा भाग तर अजूनच वाईट. रक्त कमी पोचतंय हे मूत्रपिंडाला कळतं, पण का ते कळत नाही. त्याला वाटतं, अंगातलं पाणी आटलंय. मग ते मीठ आणि पाणी धरून ठेवतं. शरीर घाबरल्यासारखं वागतं, ठोके वाढवतं, वाहिन्या अजून आवळतं. मदत म्हणून केलेलं हे सगळं दमलेल्या हृदयाच्या डोक्यावर नवं ओझं होऊन बसतं. थकलेल्या बैलाला चाबूक मारावा तसं.

आणि पाणी तुंबतं. आपल्याकडचे मामा तलाव पाहिलेत ना? खालचा पाट नीट वाहत नसेल तर पाणी मागे चढतं आणि वरच्या बांध्या बुडतात. डाव्या कप्प्याच्या मागे आहेत फुप्फुसं. पाणी तिथे चढतं, म्हणून आडवं झालं की गुदमरतं, रात्री दचकून उठून खिडकीशी बसावं लागतं. पुढे उजवी बाजूही थकली की पाय सुजतात, पोट फुगतं.

दाब हे यामागचं एकमेव कारण नाही. हार्ट अटॅकनं स्नायूचा तुकडा मेलेला असतो, लहानपणच्या सांध्यांच्या तापानं झडपा बिघडलेल्या असतात, कुणाला दारू नडते. पण चढलेला दाब हे मोठं कारण आहे. आणि तो दुखत नाही, खुपत नाही, वर्षानुवर्षं कळतही नाही.

जगातला सगळ्यात ताकदवान रुग्ण

त्या काळी डॉक्टर किती हतबल होते, हे बघायला परळला जायचीही गरज नाही. मार्च 1944. दुसरं महायुद्ध ऐन भरात. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष फ्रँकलिन रूझवेल्ट यांना हॉवर्ड ब्रुएन या तरुण हृदयतज्ज्ञानं तपासलं. वरचा दाब 186, खालचा 108. हृदय वाढलेलं आणि डावी बाजू फेल होत चाललेली. उपाय काय? विश्रांती, कमी मीठ आणि डिजिटॅलिस, म्हणजे 1785 साली विल्यम विदरिंग या इंग्रज डॉक्टरनं पुस्तक लिहून प्रसिद्ध केलेलं एका झाडाच्या पानाचं औषध. ते हृदयाचा ठोका जोरकस करतं, पण दाब उतरवत नाही.

12 एप्रिल 1945 ला रूझवेल्ट यांच्या मेंदूत रक्तस्राव झाला. त्या वेळी दाब 300 आणि 190 मोजला गेला. ज्याच्या हुकमावर फौजा हलत होत्या, त्याच्यासाठी दाबाची एक धड गोळी जगात कुणाकडे नव्हती. काही ठिकाणी मज्जातंतू कापायच्या मोठ्या शस्त्रक्रिया होत. अमेरिकेतच एक डॉक्टर रुग्णांना आठवडेच्या आठवडे बिनमिठाचा भात आणि फळं यांवर ठेवत होते. दाब उतरायचा, पण तसं जेवण निभावणं किती जणांना जमणार?

आणि इकडे मुंबईत एक डॉक्टर काही वर्षांपासून आपल्या रुग्णांना एका मुळीच्या गोळ्या देऊन वहीत आकडे लिहीत होता.

आडनाव वकील, काम उलटतपासणीचं

सर्पगंधा वकिलांनी शोधली नाही, हे आधीच सांगतो. आयुर्वेदात आणि गावागावांत ती शतकानुशतकं होती. बिहारकडे तिला वेडावरचं औषध म्हणत. रडक्या पोराला झोप यावी, साप चावला तर विष उतरावं, ताप जावा, अशा नाना कारणांसाठी ती उगाळली जायची. 1931 साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी लिहिलं, की या मुळीनं मनोरुग्ण शांत होतात आणि रक्तदाबही उतरतो. त्याच सुमारास सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुळीतली रसायनं वेगळी काढायला सुरुवात केली. एका रसायनाला त्यांनी हकीम अजमल खान यांच्यावरून अजमलीन असं नाव दिलं. बाजारात मुळीच्या गोळ्याही आल्या होत्या.

मग वकिलांनी वेगळं काय केलं? त्यांनी मुळीची वकिली केली नाही. तिची उलटतपासणी घेतली.

दाब हा मोठा लबाड आकडा. दवाखान्यात शिरलं की भीतीनं चढतो, चार दिवस विश्रांती मिळाली की आपोआप थोडा उतरतो. म्हणजे कुठलंही औषध द्या, काही जणांना गुण आल्यासारखा वाटणारच. वैदूच्या औषधाचं नाव होतं ते बऱ्याचदा असंच. वकिलांना हे माहीत होतं. म्हणून औषध सुरू करायच्या आधीचा दाब नीट नोंदवायचा, मग ठरल्या मात्रेत मुळी द्यायची, पुन्हा मोजायचं, औषध थांबवायचं आणि तरीही मोजत राहायचं. वाटतं काय याला किंमत नाही, पारा काय सांगतो ते लिहायचं.

अशी जवळपास दहा वर्षं गेली. 1949 साली त्यांनी 50 रुग्णांवरचा हा हिशेब ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला. बहुतेकांचा दाब उतरला होता. धडकन खाली नाही, हळूहळू, दिवसादिवसानं. औषध थांबवल्यावरही परिणाम काही काळ टिकत होता. भारतातल्या एका मुळीबद्दल पाश्चात्त्य जगातल्या डॉक्टरांनी वाचलेला हा पहिला दखलपात्र हिशेब.

बोस्टनचे डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांच्या वाचनात तो आला. त्यांनी मुळी मागवली, स्वतःच्या रुग्णांवर पाहिली, आणि तिथेही तेच दिसलं. 1952 साली स्वित्झर्लंडच्या सिबा कंपनीतल्या शास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं काढलं: रेसर्पिन. मज्जातंतूंच्या टोकांशी वाहिन्यांना आवळा असं सांगणारं रसायन साठवलेलं असतं. रेसर्पिन तो साठाच रिकामा करतं. हुकूम द्यायला कुणी उरलं नाही, की वाहिन्या सैल पडतात, नाडी सावकाश होते आणि हृदयाचं ओझं उतरतं. हापशीची तोटी मोकळी झाली म्हणा ना.

1957 साली वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. 1958 साली पद्मभूषण, 1965 साली भटनागर पुरस्कार.

मुळीची दुसरी बाजू

गोष्ट इथे संपवली तर टाळ्या मिळतील, पण ती अर्धी राहील.

वाहिन्यांतला साठा रिकामा करणारं औषध मेंदूतलाही साठा रिकामा करतं. काही रुग्ण सुस्त झाले, नाकं चोंदली, आणि काही जण खोल उदासीत गेले. मात्रा जास्त तितका धोका जास्त. पुढे लघवीवाटे मीठ-पाणी काढणाऱ्या गोळ्या आल्या, मग इतर चांगली औषधं आली आणि रेसर्पिन मागे पडलं. आज तुमच्या आजोबांना डॉक्टर ते सहसा लिहून देणार नाहीत.

पण जायच्या आधी त्यानं एक मोठं काम केलं. दाब उतरवला तर माणूस खरंच वाचतो का, हा प्रश्न तोवर पक्का सुटला नव्हता. अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रीस यांनी 143 जणांवर प्रयोग केला. काहींना तीन औषधं, त्यातलं एक रेसर्पिन. बाकीच्यांना नुसत्या दिसायला तशाच गोळ्या. 1967 साली निकाल आला. नुसत्या गोळ्या घेणाऱ्यांत 27 जणांना गंभीर त्रास झाला, औषध घेणाऱ्यांत फक्त दोघांना. दाब उतरवला की मेंदू, मूत्रपिंड आणि हृदय वाचतं, हे त्या दिवशी सिद्ध झालं.

किंमत जंगलानंही मोजली. मागणी वाढली आणि मुळी हवी म्हणून झाडं समूळ उपटली जाऊ लागली. पान तोडलं तर झाड जगतं. मुळी काढली की संपलं. आज सर्पगंधेच्या परदेशी व्यापारावर आंतरराष्ट्रीय करारानं बंधन आहे.

डॉ. वकील 20 नोव्हेंबर 1974 ला गेले. 63 वर्षांचं आयुष्य. त्यांनी डॉ. गोलवाला यांच्यासोबत लिहिलेलं फिजिकल डायग्नोसिस हे पुस्तक नंतरही मेडिकलच्या पोरांच्या पिशवीत राहिलं. रुग्णाकडे नीट बघावं कसं, हात कसा लावावा, कान कसा द्यावा, हे शिकवणारं पुस्तक.

आता तुमची पाळी

हे सगळं चंद्रपूर-गडचिरोलीच्या पोरांनी का वाचायचं? डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या सर्च संस्थेनं गडचिरोलीतल्या 86 गावांत 2011 ते 2013 या दोन वर्षांत झालेल्या मृत्यूंची कारणं तपासली. साप असेल, मलेरिया असेल असं आपल्याला वाटतं. सगळ्यात वरचं कारण निघालं पक्षाघात. दर सात मृत्यूंमागे एक. आणि पक्षाघाताचा सगळ्यात मोठा साथीदार तोच, वाढलेला रक्तदाब. तो मेंदूत फुटला तर लकवा, हृदयावर बसला तर हार्ट फेल्युअर. शहरातला, श्रीमंतांचा रोग म्हणून हसण्यावारी नेण्याची सोय आपल्याला राहिलेली नाही.

वकिलांच्या काळात मोजता येत होतं, उतरवता येत नव्हतं. आपलं उलटं झालंय. उतरवायची साधी, स्वस्त औषधं आज प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळतात, पण आपण मोजतच नाही. मोजला तरी बरं वाटलं की गोळी बंद करतो. बरं वाटतंय ते गोळीमुळेच, हे विसरून.

तेव्हा दोन-तीन गोष्टी करा. या आठवड्यात घरातल्या तिशीच्या पुढच्या प्रत्येकाला उपकेंद्रात न्या आणि दाब मोजून घ्या. 140 आणि 90 च्या वर पुन्हा पुन्हा आला तर डॉक्टरांना दाखवा. भातासोबतची मिठाची चटणी, लोणचं, खारवलेली मासळी थोडी कमी करा. खर्रा सोडा, हे वेगळं सांगायला नको. कुणाला झोपल्यावर दम लागत असेल, पाय सुजत असतील, दोन दिवसांत वजन भराभर वाढलं असेल, तर वय झालं म्हणून सोडून देऊ नका.

आणि हो, हे वाचून जंगलातून मुळी उकरून आणू नका. प्रत्येक मुळीत द्रव्य किती ते डोळ्यांनी दिसत नाही. कमी पडलं तर फसवणूक, जास्त झालं तर घात. साप चावल्यावर तर मुळी उगाळत बसूच नका. तिनं विष उतरतं याला पुरावा नाही. गाडी काढा आणि प्रतिविष असलेला दवाखाना गाठा. एकाच मुळीबद्दल लोकांच्या दहा समजुती होत्या. मोजून पाहिल्यावर दाबाची खरी ठरली. जंगलाचं ज्ञान खोटं असं वकील म्हणाले नाहीत, आणि डोळे मिटून खरंही मानलं नाही. त्यांनी ते मोजलं.

दंडाला पट्टा बांधायला दोन मिनिटं लागतात. आजीला आजच विचारा, शेवटचा कधी बांधला होता.